उभ्या रुळांवरची आडवी नाती

रविवारी कोणाकडे जायचं हे मुलुंडच्या घरांत शनिवारी संध्याकाळी ठरतं, आणि ठरवण्याआधी मध्य रेल्वेचं मेगाब्लॉकचं पत्रक बघितलं जातं. ब्लॉक धीम्या मार्गावर आहे की जलद, माटुंगा ते मुलुंड आहे की ठाण्याच्या पुढे, यावर आत्याकडचं जेवण दुपारी की रात्री हे अवलंबून असतं. तिकडे बोरिवलीत हाच हिशेब पश्चिम रेल्वेच्या जम्बो ब्लॉकवर चालतो. दोन्हीकडे साधारण अकरा ते चार ही वेळ गेलेली. मग बाराला पान वाढायचं असेल तर साडेनऊला घर सोडायचं, किंवा सरळ कळवायचं की संध्याकाळी चहालाच येतो, स्वयंपाकाचा घाट घालू नका.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या नावांत मुंबई कशी वाढत गेली याचा नकाशाच आहे. 1950 मध्ये महापालिकेची हद्द अंधेरी-घाटकोपर ओलांडून जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली. 1957 मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा बोरिवलीही शहरात आलं. 1 ऑक्टोबर 1990 रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कागदावर जिल्हा एक असला, तरी त्यातली माणसं उभी फिरतात, दक्षिणोत्तर. रूळच तसे टाकलेले. पूर्वेकडचे 1853 पासून ठाण्याच्या दिशेनं जाणारे, पश्चिमेकडचे 1867 पासून विरारहून लोकांना मुंबईत आणणारे. या दोन रुळांच्या मधे विमानतळ आहे, पवई, विहार, तुळशी हे तलाव आहेत, आरे आहे, आणि सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बोरिवलीकरांना पूर्वेला दिसणारा डोंगर आणि मुलुंडकरांना पश्चिमेला दिसणारा डोंगर एकाच रांगेतला. बोरिवलीची शाळकरी मुलं कान्हेरीच्या लेण्यांत सहलीला जातात. मुलुंडला योगी हिलच्या बाजूला त्याच जंगलाच्या कडेला इमारती उभ्या आहेत. पण बोरिवलीतल्या बहिणीला मुलुंडच्या भावाकडे जायचं, तर तिनं वर्षानुवर्षं आधी दादरपर्यंत खाली यायचं, पूल चढायचा, आणि पुन्हा तितकंच वर जायचं.

ही बहीण आणि हा भाऊ मुळात लांब राहत नव्हते. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळींत एका खोलीत, फार तर दोन खोल्यांत ही कुटुंबं वाढली. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, जागा पुरेना. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या थांबल्या आणि गिरणगावातलं राहणंच अनेकांना परवडेनासं झालं. कोणी खोली विकून बोरिवलीला ब्लॉक घेतला, कोणाला म्हाडाच्या वसाहतीत घर लागलं, कोणी घाटकोपरच्या भटवाडीत नातेवाइकांच्या आधारानं भाड्यानं राहिलं. जागा कुठे घ्यायची हे ठरलं पैशावर आणि नोकरीच्या ठिकाणावर. त्या एका निर्णयानं पुढच्या पिढीत कोण कोणाच्या घरी सहज जाणार हेही ठरून गेलं, याची तेव्हा कोणाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. आज उपनगरातल्या मराठी घरात चौकशी केली, की ‘काका वेस्टर्नला आणि आम्ही सेंट्रलला’ हे उत्तर सर्रास मिळतं. एकाच लाइनवरच्या मावशीकडे पोरं सुट्टीला राहायला जातात. दुसऱ्या लाइनवरची मावशी लग्नकार्यात भेटते.

या दोन्ही लाइन जिथे एकमेकींना भेटतात ते दादर म्हणूनच उपनगरी कुटुंबांचं बसायचं घर झालं. एकमेकांकडे जाणं जमत नसेल तर दादरला भेटायचं, आणि दादरला यायचं तर खरेदी करूनच परतायचं. पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट क्रमांक वेगवेगळे मोजले जायचे, त्यामुळे एक नंबरला थांब म्हटलं की कोणता एक नंबर, हा घोळ हमखास व्हायचा. डिसेंबर 2023 पासून सगळे फलाट 1 ते 14 असे सलग झाले आणि हा घोळ मिटला. तरी जुनी माणसं अजून खुणेवरच भेटतात: फुलबाजाराच्या तोंडाशी, छबिलदासच्या गल्लीत, आयडियल बुक डेपोच्या दाराशी. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात रानडे रोडवर चालायला जागा नसते. कंदील, पणत्या, रांगोळीचे रंग, तोरणं, उटण्याच्या पुड्या, किल्ल्यावर मांडायचे मावळे. पूर्वेला हिंदमाताकडे साड्यांची आणि ड्रेसच्या कापडांची दुकानं. यातलं जवळजवळ सगळं आता बोरिवली स्टेशनाबाहेरच्या इंद्रप्रस्थमध्ये आणि जांभळी गल्लीत, मुलुंडच्या पाच रस्त्यावर किंवा घाटकोपरच्या एम. जी. रोडवर मिळतं. तरी दादरची खेप चुकत नाही. नणंद-भावजय, दोघी बहिणी, आई आणि सासरी गेलेली मुलगी अशा जोड्या दोन दिशांनी येतात, चार तास उन्हात फिरतात, पियुष नाहीतर मिसळ घेतात आणि पिशव्या वाटून घेऊन दोन दिशांना जातात. साडी पसंत करताना दुकानाच्या गादीवर बसून जे बोलणं होतं ते फोनवर होत नाही. नवऱ्याची नोकरी, सासऱ्यांचं पथ्य, मुलीचं जमवायचं की थांबायचं, सगळं त्या काठापदराच्या घड्या उलगडता उलगडता निघतं. दुकानदारालाही हे ठाऊक असतं. तो घाई करत नाही.

परतताना दिवाळी अंक घ्यायचे असतात. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही खरेदी. बोरिवलीची आजी एक संच घेते, मुलुंडची दुसरा, आणि तुळशीच्या लग्नानंतर अदलाबदल होते. वाचून झालेले अंक पोचवणं हेही भेटीला पुरेसं कारण असतं.

दादरची ही सक्ती पहिल्यांदा मोडली 8 जून 2014 रोजी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो त्या दिवशी सुरू झाली: 11.4 किलोमीटर, 12 स्थानकं, आणि सबंध मार्ग आडवा. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला जायचं म्हणजे बेस्टची 340 नंबरची बस. आगरकर चौकात रांग, साकीनाक्याला कोंडी, असल्फ्याच्या वळणावर पुन्हा कोंडी. पावसाळ्यात किती वेळ लागेल याचा भरवसा कोणी देत नसे. पूर्वी 71 मिनिटं लागणारा प्रवास 21 मिनिटांवर आला, असं मेट्रो सुरू होताना सांगितलं गेलं. रोज जाणाऱ्यांना ते पटतं. गाडी अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जाते, द्रुतगती मार्ग ओलांडते, मरोळ-साकीनाक्याच्या कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या मधून निघते, आणि असल्फ्याला टेकडीवर चढत गेलेल्या रंगीत भिंतींच्या वस्तीजवळून जाते. 2018 च्या सुमारास स्वयंसेवकांनी त्या भिंती रंगवल्या. मग जागृती नगर आणि घाटकोपर. घाटकोपरला मेट्रोतून रेल्वेच्या पुलावर उतरणारा लोंढा संध्याकाळी अंगावर येतो हे खरं. पण त्या पुलानं एक गोष्ट केली, ती कोणत्याही कौटुंबिक समारंभाला जमली नसती. अंधेरीत लग्न होऊन गेलेली घाटकोपरची मुलगी आता ऑफिस सुटल्यावर माहेरी उभ्या उभ्या जाऊन येते. मंगळवारी, कामाच्या दिवशी, काही सण नसताना.

या मंगळवारच्या भेटीचं मोल मोठं आहे. सणाला गेलेली मुलगी पाहुणी असते. तिच्यासाठी गोड होतं, चादरी बदलल्या जातात. मंगळवारी गेलेली मुलगी आईच्या औषधांचा डबा उघडून बघते, गॅसच्या शेगडीची नळी बदलायला झाली आहे हे तिच्या लक्षात येतं, बाबांच्या फोनमधली नको ती अ‍ॅप काढून टाकते, आमटी-भात खाते आणि साडेनऊची मेट्रो पकडते. पंतनगरच्या म्हाडा इमारतींतून, भटवाडीतून, बर्वेनगरातून अशी कितीतरी ये-जा रोज चालते. नातवंडं सांभाळायला जाणारे आजी-आजोबाही याच गाडीत असतात: सकाळी उलट्या दिशेनं, हातात डबा आणि नातवाला आवडते म्हणून घेतलेली नानकटाई.

लोकलच्या बायकांच्या डब्यात खरेदी आणि घरगुती गप्पा यांत फरक करताच येत नाही. 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली अशी खास महिलांसाठीची पहिली गाडी पश्चिम रेल्वेनं सोडली. ती पुढे विरारपर्यंत गेली आणि डब्यातल्या मैत्रिणी हे एक वेगळं नातंच बोरिवलीच्या बायकांना मिळालं. गाडीत चढल्याबरोबर पहिला प्रश्न ‘कुठे उतरणार?’ हा. कांदिवली म्हटलं की तिची जागा मागणारी पक्की झाली. मग दारातून कानातल्यांची विक्रेती आत येते. हातात जाड पुठ्ठा, त्यावर रांगेनं टोचलेली मोत्यांची, ऑक्साइडची, रेशमी धाग्याची कानातली. दंडावर क्लिपांची आणि रबरबँडची माळ. पुठ्ठा डोक्यांवरून हातोहात खिडकीपर्यंत जातो. खिडकीतली एक जोड काढते, शेजारणीच्या कानाशी धरून बघते, ‘मरून बघ ना, त्या साडीवर जाईल,’ असं तिसरी उभ्याउभ्याच सांगते. पैसे हातोहात येतात, सुटे हातोहात परत जातात, आणि मधे एक रुपया कमी पडत नाही. हल्ली पुठ्ठ्याच्या मागे क्यूआर कोड चिकटवलेला असतो. या सगळ्यात कोणाच्या मुलाला दहावीला किती पडले, कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणी घर बदललं याची देवाणघेवाण झालेली असते. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी हाच डबा झेंडूच्या माळांनी सजतो, आरती होते, पेढे वाटले जातात.

उपनगरातल्या घरखर्चाचा मुख्य भाग मात्र दादरला किंवा गाडीत होत नाही. तो महिन्याच्या वाणसामानात होतो, आणि त्याची मराठी मध्यमवर्गानं घडवलेली एक पद्धत गेली पन्नास वर्षं टिकून आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. महागाईचे, टंचाईचे, भेसळीचे ते दिवस होते. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, प्रत्येक घरानं महिनाभर लागणाऱ्या जिनसांची मागणी आगाऊ भरून द्यायची, सगळ्यांची मागणी एकत्र करून संस्थेनं थेट मोठ्या प्रमाणावर खरेदी करायची आणि माल संघापर्यंत पोचवायचा, अशी ही रचना. विलेपार्ल्याला तिचं ग्राहक भवन आहे, आणि पार्ले, अंधेरी, बोरिवली, मुलुंड इथल्या जुन्या सोसायट्यांत विचारलं तर वाटपाच्या आठवणी भराभर निघतात.

वाटपाच्या दिवशी कोणाच्या तरी दिवाणखान्यातलं टीपॉय भिंतीला सरकवलं जातं. टेम्पो आला की आधी पोरं खाली धावतात. तूरडाळ, साखर, पोहे, रवा, तेल, साबण वर येतं आणि जमिनीवर घरागणिक ढीग लागतात. एकीच्या हातात यादी, दुसरी पुडे मोजते, तिसरी नावाची चिठ्ठी पिशवीवर टाचते. दोन किलो शेंगदाणे जास्त दिसले तर चुकून आले की जोशीकाकूंनी उपासाच्या महिन्यासाठी मागवले, याची चौकशी होते. ज्यांच्या घरी वाटप ते सगळ्यांना चहा करतात. पगारदार बायका संध्याकाळी येऊन आपली पिशवी घेतात आणि तासभर बसतात. कोणाच्या घरी माणसं वाढली, कोणाचा मुलगा शिकायला बाहेर गेला, हे त्या मागणीच्या कागदावरून संघातल्या बायकांना आधी कळे. घरात आजारपण असलं तर त्या घराची पिशवी शेजारीण पोचवून येई आणि येताना काय हवं-नको बघून येई. बाजारभावापेक्षा चार पैसे वाचतात हे पंचायतीचं एक देणं. शेजार टिकतो हे दुसरं, आणि या लेखकाच्या मते तेच मोठं.

2002 मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं आणि महिन्याची खरेदी ही सहकुटुंब करायची गोष्ट झाली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलुंडच्या डी-मार्टबाहेर रिक्षांची रांग बघावी. आई डाळ-तांदळाकडे, बाबा बिलाच्या रांगेत जागा धरून, मुलं बिस्किटांपाशी. मग 2021 मध्ये मुंबईत झेप्टो सुरू झालं, इतर कंपन्याही आल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत सामान दाराशी येऊ लागलं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सत्तरीतल्या एकट्या आजीला पाचव्या मजल्यावर दूध, केळी आणि इसबगोल मिळतं. नोकरीहून आठला परतणाऱ्या बाईला कोथिंबिरीसाठी पुन्हा खाली उतरावं लागत नाही. बोरिवलीतली मुलगी मुलुंडच्या आईसाठी फोनवरून भाजी मागवते आणि दार उघड गं, माणूस खाली आलाय, असं कळवते. ही काळजीच आहे. पण भाजी पोचली म्हणून त्या रविवारची फेरी टळते, पुढच्या रविवारचीही टळते, आणि औषधांचा डबा उघडून बघणारं कोणी महिनाभर येत नाही. रस्ते आणि गाड्या इतक्या सोयीच्या झाल्या आहेत, आणि नेमक्या त्याच वर्षांत घराबाहेर पडण्याची कारणं कमी होत चालली आहेत, ही उपनगरांतली आजची खरी अडचण आहे.

2025 मध्ये खरेदीच्या गप्पांना आणखी एक विषय मिळाला. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. तूप, लोणी, सुका मेवा आणि फरसाण 12 वरून 5 टक्क्यांवर. सप्टेंबरच्या पंधरवड्यात लोकांनी टीव्हीची खरेदी अडवून धरली होती ती दसऱ्याला सुटली. सोन्याचं मात्र उलट. एप्रिलमध्येच 10 ग्रॅमचा भाव लाखावर गेला, तेव्हापासून दसऱ्याला गुंजभर तरी घ्यायचं म्हणणाऱ्या घरांत मोड देऊन घडवून घेण्याची चर्चा वाढली. आईच्या पाटल्या मोडायच्या का, यावर दोन लाइनवरच्या तीन भावंडांची जी मसलत होते तिला एक सबंध रविवार लागतो. आणि तो एकमेकांसमोर बसूनच घालवावा लागतो.

सगळ्यांत मोठी खरेदी घराची, आणि उपनगरात ती सध्या पुनर्विकासाच्या रूपानं दाराशी येते. घाटकोपरचं पंतनगर, मुलुंड पूर्व, बोरिवलीतल्या म्हाडाच्या आणि सहकारी सोसायट्यांच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. सोसायट्यांनी विकासक कसा निवडावा याचे सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालचे निर्देश 2009 मध्ये आले, 2019 मध्ये सुधारले गेले. कलमं, चटई क्षेत्र, कॉर्पस हे शब्द आता आजोबांच्याही तोंडी आहेत. पण घर रिकामं करून तीन-चार वर्षं भाड्यानं राहायला जाताना माणसं कुठे जातात ते बघितलं पाहिजे. ती भाड्याचा आकडा बघतात हे खरं, पण बऱ्याचदा त्याच इमारतीतल्या दोन-तीन कुटुंबांबरोबर त्याच गल्लीत जागा शोधतात, किंवा मुलीच्या घराजवळ. चाळीस वर्षांचा शेजार ट्रान्झिटमध्ये तुटू नये ही धडपड त्यात असते. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्या निमित्तानं कितीतरी घरांच्या दारावर पहिल्यांदा तिच्या नावाची पाटी लागली. हे चांगलं झालं.

गावी जाणं हा प्रवासाचा वेगळा अध्याय. मुलुंडकर ठाण्याला कोकणची गाडी पकडतात, त्यांचं सोपं. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तरी बोरिवलीकरांना आपल्या दारात गाडी नव्हती. बोचकी घेऊन दादर, ठाणे किंवा पनवेल गाठावं लागे, नाहीतर नॅन्सी कॉलनी आणि सुकुरवाडीच्या एसटी स्थानकांवर रात्र काढावी लागे. 29 ऑगस्ट 2024 रोजी वांद्रे-मडगाव गाडीला बोरिवलीहून हिरवा झेंडा दाखवला गेला. वसईहून वळून पनवेलमार्गे ती कोकणात उतरते. आठवड्यातून दोनदाच धावते, तरी दहिसर-बोरिवलीतल्या चाकरमान्यांना तिचं अप्रूप वाटलं. एसटीतही बदल झाले: 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास, बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात. मुलाकडे हात न पसरता गावी जाऊन येणाऱ्या आजींची संख्या त्यानंतर डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली. निघताना पिशवीत दादरचा चिवडा, येताना कोकम, कुळथाचं पीठ, आंबोशी, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजारणीसाठी वेगळा बांधलेला फणसाच्या साठांचा पुडा.

परदेशातल्या मुलांकडे फराळ पाठवणं 2025 मध्ये अवघड झालं. अमेरिकेनं लहान पार्सलांची करसवलत काढून घेतल्यामुळे आपल्या टपाल खात्यानं 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. ज्यांना खासगी कुरिअरचा दर झेपला त्यांनी चकल्या तशा धाडल्या. बाकीच्यांनी अंधेरीच्या विमानतळावरून कोण जातंय याचा शोध घेतला. पार्ल्यातल्या कोणाची तरी भाची न्यू जर्सीला निघालेली सापडली, तिच्या बॅगेतली तीन किलोंची जागा चार घरांनी वाटून घेतली. अशा वेळी नात्यांची सगळी यादी पुन्हा उघडते. वर्षभर न बोललेल्या चुलतबहिणी बेसनाच्या लाडवाच्या वजनावरून तासभर बोलतात.

डोंगराच्या पोटातून जाणारे रस्तेही आता कागदावरून खाली उतरले आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या आणि ठाणे-बोरिवलीच्या जुळ्या बोगद्यांचा पाया 13 जुलै 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते घातला गेला. ठाणे-बोरिवलीचं अंतर त्यामुळे 12 किलोमीटरनं आणि जवळजवळ तासानं कमी होईल, असं सरकार सांगतं. आज त्याच प्रवासाला घोडबंदर रोडचा वळसा आहे. बिबट्यांचं, पाणवठ्यांचं, आदिवासी पाड्यांचं काय होणार हा प्रश्न उद्यानाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांनी लावून धरला पाहिजे. त्या जंगलानंच त्यांची हवा राखली आहे. पण लग्नाच्या बोलण्यांत या बोगद्यांचा उल्लेख आत्ताच येऊ लागला आहे. मुलगी बोरिवलीची, स्थळ मुलुंडचं, तर मुलीकडच्या आत्या म्हणतात, चार-पाच वर्षांत अर्ध्या तासावर येईल हो माहेर.

आता भाऊबीजेचा दिवस घ्या. बोरिवली पूर्वेची एक बहीण मुलुंडच्या भावाकडे कशी जाणार, तर दादरला न जाता. राष्ट्रीय उद्यान स्थानकावर मेट्रो 7 मध्ये बसायचं. ही मेट्रो एप्रिल 2022 मध्ये आरेपर्यंत आली आणि जानेवारी 2023 मध्ये गुंदवलीपर्यंत. वाटेत आकुर्लीचं स्थानक लागतं, ते पूर्णपणे बायका चालवतात. मुलगी बरोबर असली तर तिला आवर्जून दाखवावं. गुंदवलीला उतरून पादचारी पुलानं पश्चिम द्रुतगती मार्गाच्या स्थानकावर जायचं, तिथून घाटकोपर, आणि घाटकोपरला धीमी लोकल: विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. तीन गाड्या घ्याव्या लागतात, हातात ताटाचं सामान, करंज्यांचा डबा आणि भाच्यासाठी घेतलेला शर्ट. पण पूल चढताना कोणी ढकलत नाही आणि ओवाळायला उशीर होत नाही.

दुपारी जेवणं होतात, आई पलंगावरून सूचना देते, वहिनी डब्यात अनारसे भरून देते आणि त्यातले चार वेगळे बांधते, ‘हे सासूबाईंना, नरम आहेत.’ संध्याकाळी निघताना भाऊ चप्पल घालतो आणि घाटकोपरपर्यंत येतो म्हणतो. बहीण नको म्हणते, तो ऐकत नाही. लोकलमध्ये दोघांना उभं राहायला जागा मिळते. नाहूर जातं, भांडुप जातं, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात करायचं की उन्हाळ्यात, रजा कोणी घ्यायची, पहिला आठवडा बोरिवलीला आणायचं का, लिफ्ट आहे पण संडास पाश्चात्त्य करून घ्यावा लागेल, प्लंबर आजच सांगून ठेवते, हे सगळं कांजूरमार्गच्या आत ठरून गेलेलं असतं.